मुक्कामाची जागा

गेल्या मार्गशीर्षात सूनबाईनं विचारलं, "मम्मी, या सुट्टीत दोन दिवस डांगात तंबूत राहायचं का?" मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तंबूत? घरदार असलेली माणसं आपण! अन् चौविहार कुठं करायचा? सामायिकाला कुठं बसायचं?"

सूनबाई गप्प झाली. मी मात्र विचारात पडले. आपण घरदारवाले खरे, पण आपल्याला 'स्थानकवासी' हे नावच मुळी उतरण्याच्या जागेवरून मिळालेलं. आपले साधू-साध्वी चातुर्मासाचे चार महिने सोडले तर आजही गावोगाव पायी फिरतात, आणि रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे एकच प्रश्न असतो, आज मुक्काम कुठं?

आचारांग सूत्राच्या दुसऱ्या भागात या प्रश्नावर एक अख्खं प्रकरण आहे. जिथं जीवजंतूंची अंडी, बी-बियाणं, कोवळे कोंब, दंव, पाणी, मुंग्या, कोळ्याची जाळी असतील, तिथं साधूनं उतरू नये. जागा ज्याची असेल त्याची आज्ञा घ्यावी. ती देणारा तो 'शय्यातर', आणि त्याच्या घरची भिक्षा मात्र घ्यायची नाही. ज्यानं जागा दिली त्याच्यावर आणखी भार नको, असा मी त्याचा अर्थ लावते.

साधूंचं झालं. आपल्या व्यापारी पूर्वजांचं काय? माझं माहेर नंदुरबारचं, सासर सुरतेचं. मी बसनं जाते-येते तो रस्ता म्हणजे मोगलाईतला सुरत ते बऱ्हाणपूर हा मोठा व्यापारी मार्ग. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानं त्यावरचे मुक्काम ओळीनं लिहून ठेवलेत. बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार, पुढं थाळनेर, चोपडा करत बऱ्हाणपूर, एकूण १३२ कोस. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असंही तो लिहितो. माझी आई तिकडचा तांदूळ आवर्जून मागवायची. नावं वाचताना मला घरची यादी वाचल्यासारखं वाटलं.

यातली एक गोष्ट आपण बायकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. वालोड ते नवापूर हा टप्पा फार लांबचा होता. त्यात तो मुलूख मोगलांना न जुमानणाऱ्या राजांच्या सीमेवरचा, त्यामुळे तिथं काफिले हमखास लुटले जात. मग मध्येच एक सराई उभी राहिली. ती बांधली शहाजहानची मुलगी जहाँआरा हिनं. सुरत बंदराचं उत्पन्न तिच्या नावे होतं. लोक त्या जागेला बेगमची सराई म्हणत. कुठं माणसं थकतात, कुठं अंधार गाठतो, हे एका बाईनं ओळखलं आणि नेमकी तिथं भिंत नि छप्पर दिलं.

पण त्याच रस्त्यावर १६३० साली काय झालं तेही सांगायला हवं. पाऊस न झाल्यानं गुजरात-खानदेशात भयंकर दुष्काळ पडला होता. नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून आग्र्याला निघाला. वाटभर प्रेतं होती. माझ्या माहेरगावी, नंदुरबारला पोचल्यावर त्याला एक लहानसा तंबू ठोकायलासुद्धा मोकळी जागा मिळेना. हे वाचलं त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मुक्कामाची चांगली जागा ही किती मोठी गोष्ट असते, हे मला तेव्हा कळलं.

आणि १६६४ चा जानेवारी तर आपण सगळ्याच जाणतो. शिवाजी महाराज सुरतेवर आले. त्यांचा तंबू पडला तो बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत. आमचा बऱ्हाणपूरचा रस्ता सुटतो तो याच दरवाजातून. शहरात ज्यांचे वाडे लुटले गेले त्यांत वीरजी व्होरा होते. सुरतेचे सगळ्यांत मोठे सावकार, आणि आपल्या समाजाचे पुढारी. शाळेत मी या स्वारीचा धडा अभिमानानं वाचला होता. सासरी आल्यावर पहिल्यांदा कळलं की, वाडा जळाला तो आपल्या माणसाचा. बागेतला तंबू आपला आणि जळता वाडाही आपलाच. यातलं एक निवड, असं मला कुणी म्हणू नये.

परंपरा सांगते की, या वीरजींच्या मुलीचा, फूलाबाईंचा मुलगा म्हणजे लवजी ऋषी. आपल्या महाराष्ट्रातला ऋषी संप्रदाय त्यांच्यापासूनचा. एवढ्या धनाढ्य आजोबांचा हा नातू साधू झाला. त्यांच्या पंथाच्या साधूंना लोक 'ढुंढिया' म्हणू लागले. त्याचं एक कारण असं सांगतात की, ते पडक्या घरात, म्हणजे 'ढुंढ'मध्ये उतरत. आजोबांचं घर अख्ख्या सुरतेला ठाऊक, आणि नातवाच्या पंथाची ओळख पडक्या घरावरून!

हे सगळं मी सासूबाईंना रोज थोडं थोडं सांगितलं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "मग पाणी गाळायचं फडकं मी घेते."

डांगात आणि आसपास वनखात्याची राहण्याची ठिकाणं आहेत. पूर्णाकाठी महाल, वघईजवळ किलाद, व्याऱ्याकडे पदमडुंगरी. आम्ही मात्र आमचा स्वतःचा तंबू नेला होता. अंबिका नदीच्या बाजूला एका पाड्यावर ओळखीतून एका घराची परवानगी घेतली. मुलांनी उत्साहानं अगदी पाण्याला लागून जागा धरली. देखावा सुंदर! तेवढ्यात घरातली म्हातारी बाई आली. तिची बोली माझ्या माहेरच्या अहिराणीच्या इतकी जवळची की, मला कुणाला अर्थ विचारावा लागला नाही. ही ढोरांची पाण्यावर जायची वाट आहे, रात्री इथं दंवानं सगळं भिजेल, आणि त्या झाडाखाली वारूळ आहे, असं तिनं सांगितलं. मग आम्हाला वर नेऊन आपलं खळं दाखवलं. नागली मळून झालेली, शेणानं सारवलेली कोरडी जमीन. सकाळचं ऊन आधी तिथंच येणार.

मी सासूबाईंकडे पाहिलं. दंव, मुंग्या, कोवळं गवत, दुसऱ्याची वाट. आचारांग न वाचलेल्या त्या बाईनं आम्हाला सगळं दोन वाक्यांत सांगितलं होतं.

हा मुलूख तिचाच. इथल्या भिल राजांकडून इंग्रजांनी १८४२ च्या सुमारास सागाची जंगलं पट्ट्यानं घेतली. आजही होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि राजांच्या वंशजांना सालियाणा मिळतो. आपण दोन रात्रींचे पाहुणे. विचारून बसावं, हे बरं.

तुम्ही जाणार असाल तर दिवाळीनंतर, थंडीत जा. पावसाळ्यात जंगल हिरवंगार दिसतं, पण तेव्हाच पायाखाली जीव फार. साडेपाचच्या आत जेवण उरकेल अशा बेतानं दुपारीच पोचा. पाणी जवळ हवं, पण तंबू पाण्यालगत नको. खाकरे, मेथीचे ठेपले, भाजलेली चणाडाळ नेली की चूलही फार पेटवावी लागत नाही.

सूर्य डोंगराआड जायच्या आत आमचं जेवण झालं. म्हातारीला पैसे देऊ लागले तर घेईना. शेवटी सासूबाईंनी स्वतःची शाल तिच्या अंगावर घातली. रात्री इतक्या चांदण्या की, सूनबाई मोजता मोजता झोपली.

सकाळी मी तंबूबाहेर आले तर सासूबाई खळ्याच्या कोपऱ्यात पूंजणीनं अलगद जमीन झाडत होत्या. सांडलेले नागलीचे दाणे त्यांनी एका बाजूला गोळा करून ठेवले होते, म्हातारीच्या कोंबड्यांसाठी. मग आसन टाकून सामायिकाला बसल्या.

उठल्यावर मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तीन दिवस येऊ."