जेम्सच्या गोळीवरची चमक



संक्रांतीला नातीचं बोरन्हाण केलं. नाव बोरन्हाण, पण तुच्छफळ म्हणून बोरं आम्ही घेत नाही. चुरमुरे, उसाचे करवे, हलवा, आणि आता सगळीकडे असतात तशा जेम्सच्या गोळ्या. मुलं अर्थातच आधी जेम्सवर तुटून पडली. सासूबाईंनी एक लाल गोळी हातात घेतली आणि विचारलं, "हिला एवढी चकाकी कशाची गं?" मला सांगता आलं नाही. मग शोधत बसले.

खरं तर ही गोळी आणि आपला हलवा एकाच घरातले. तीळ किंवा खसखस परातीत घ्यायची, खाली मंद शेगडी, चमचा चमचा पाक घालत बोटांनी फिरवत राहायचं. थरावर थर चढतो आणि हळूहळू काटा फुटतो. ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक आहे, घाई केली की सगळा लगदा. कारखान्यात परातीऐवजी फिरतं पिंप असतं. गोळ्या एकमेकींवर घासत राहतात म्हणून काटा न येता गुळगुळीत होतात. शेवटी मेण किंवा लाखेचा हात देऊन चमकवतात.

विलायतेत यॉर्कच्या राउंट्री कंपनीने 1937 मध्ये अशा गोळ्यांना स्मार्टीज नाव दिलं. अमेरिकेत 1941 मध्ये एम अँड एम्स आल्या. साखरेच्या कवचामुळे आतलं चॉकलेट हाताला लागत नाही, उन्हातही टिकतं, म्हणून महायुद्धात त्या सैनिकांना पुरवल्या गेल्या. आपल्याकडे कॅडबरी 1948 मध्ये आली आणि जेम्स निघाल्या 1968 मध्ये. किनवटच्या उन्हाळ्यात चॉकलेटची वडी पिशवीतून घरी येईपर्यंत मऊ होते. जेम्स तशीच राहते. खेड्यापाड्यातल्या दुकानांत ती टिकली यात नवल नाही.

एक गोष्ट मला विशेष वाटली. राउंट्री आणि कॅडबरी ही दोन्ही घराणी क्वेकर पंथाची. हा पंथ युद्धाच्या विरोधात. दारूला पर्याय म्हणून कोकोचं पेय विकणं त्यांना धर्माला धरून वाटलं. म्हणजे त्यांनीही आपल्यासारखाच विचार केला होता, कुठला धंदा करावा आणि कुठला नाही.

आणि इथेच लाख येते. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांनी अंगाभोवती केलेलं कवच. फांद्या तोडून ते खरवडतात, त्यात असंख्य जीव जातात. आपल्या भागात पळस काही कमी नाही. प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना आपण पंधरा कर्मादानं म्हणतो. त्यात लक्खवाणिज्जे येतं, लाखेचा व्यापार. इतकी वर्षं तो शब्द तोंडातून जातोय. मी मात्र बांगड्यांच्या पलीकडे विचार केला नव्हता.

"पण हिरवा ठिपका असतो ना?" असं सून म्हणाली. ठिपका 2001 पासून आहे आणि त्याची मदतही होते. पण तो सरकारी व्याख्येने चालतो. 2020 च्या लेबलिंग नियमांत दूध, मध, मधमाशीचं मेण आणि लाख यांना मांसाहारी पदार्थांतून वगळलं आहे. म्हणजे मध घातलेल्या पदार्थावरही हिरवा ठिपका असू शकतो. मध तर आपल्याला महाविगयीत!

म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायची. 904 म्हणजे लाख, 901 मधमाशीचं मेण, 903 हे ताडाच्या पानांवरचं मेण, ते चालतं. 120 दिसलं तर पाकीट तिथंच ठेवा. तो लाल रंग कोचिनील किड्यांना वाळवून, कुटून काढतात. विलायती स्मार्टीजमध्ये एके काळी हाच रंग होता, नंतर काढला. रंगीत गोळ्या कुठल्याही कंपनीच्या असोत, यादी वेगवेगळी असते आणि बदलतेही, म्हणून दर वेळी नव्याने बघावं लागतं.

आता आमच्याकडे सामान आणलं की सासूबाई चष्मा मागतात आणि आकडे नातीला वाचायला लावतात. तिला अजून शंभरपर्यंतच येतात, त्यामुळे ती नऊ, शून्य, तीन असं सुटं सुटं वाचते. पुढच्या संक्रांतीला हलवा घरीच करायचा ठरलाय, केशराचा आणि पालकाच्या रसाचा रंग घालून. काटा येतो का बघू.