हात न लावता वाजणारं वाद्य



तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी घरच्या रेडिओवर रेडिओ सिलोन लावलं आहे, त्यांना ती शिट्टी नक्की आठवत असेल. काटा हळूहळू सरकवताना गाण्याच्या आधी एक 'कुईं' असा आवाज यायचा, वर चढायचा, खाली उतरायचा. दोन विद्युत लहरींची कंपनसंख्या जवळजवळ सारखी असली, की त्यांच्यातला फरक असा आवाज होऊन कानावर पडतो. आपण त्या शिट्टीला वैतागायचो. रशियातल्या एका इंजिनिअरने मात्र तिचंच वाद्य केलं. आज त्यांची आठवण काढू या.

त्यांचं नाव लेव्ह टर्मेन. अमेरिकेने ते थेरेमिन करून टाकलं, आणि वाद्यालाही तेच नाव पडलं. जन्म १८९६ चा, सेंट पीटर्सबर्गचा. एकीकडे पदार्थविज्ञान आणि विद्युत अभियांत्रिकी, दुसरीकडे चेलो. चेलो म्हणजे व्हायोलिनचं मोठं भावंड, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवतात. १९२० च्या सुमाराला ते वायूंचे गुणधर्म मोजायचं एक यंत्र जुळवत होते. यंत्राजवळ हात नेला की त्यातला सूर बदलतो, हे त्यांच्या लक्षात आलं. एखाद्याने हात लांब ठेवून मोजमाप पुरं केलं असतं. हे चेलोवाले! ते त्या हवेतल्या सुरावर ओळखीची गाणी वाजवू लागले.

वाद्य दिसायला साधं. एक पेटी, तिच्यावर एक उभी दांडी आणि बाजूला एक आडवं कडं. उजवा हात दांडीजवळ नेला की सूर चढतो, डावा हात कड्याजवळ नेला की आवाज बारीक होतो. स्पर्श कुठेच नाही. पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत, तार नाही. बोट जरा हललं की सूर गेला. म्हणजे सगळी भिस्त कानावर. पण त्यामुळेच जी मींड आपल्या पेटीवर निघत नाही, ती इथे आपोआप येते.

१९२२ मध्ये त्यांनी क्रेमलिनमध्ये लेनिनसमोर हे वाद्य वाजवलं, आणि मग लेनिननेही हात हवेत धरून वाजवून पाहिलं. १९२७ च्या शेवटी टर्मेन न्यू यॉर्कला आले. पुढची दहा वर्षं मॅनहॅटनमधल्या त्यांच्या घरी कलाकारांची ये-जा असे. आरसीए कंपनीने वाद्य बाजारात आणलं ते नेमकं १९२९ मध्ये, शेअरबाजार कोसळला त्याच वर्षी. शिवाय विकत घेणं सोपं, वाजवणं महाकठीण. जेमतेम पाचशे नग तयार झाले.

ते खरं वाजवलं क्लारा रॉकमोर यांनी. लहानपणापासून व्हायोलिन वाजवणारी ही मुलगी हाताच्या दुखण्यामुळे गज धरू शकेना. टर्मेनच्या वाद्याला गज लागतच नव्हता. टर्मेननी तिला लग्नाचं विचारलं, तिने नकार दिला. पुढे त्यांनी लव्हिनिया विल्यम्स या कृष्णवर्णीय नर्तकीशी लग्न केलं, आणि त्या काळच्या अमेरिकेत त्यामुळे बरीच दारं बंद झाली.

१९३८ मध्ये ते बोटीने रशियाला परतले. कर्जं डोक्यावर होती. बायको मागेच राहिली. दोघांची पुन्हा कधीच भेट झाली नाही. वर्षभरात अटक, आठ वर्षांची शिक्षा, कोलिमाची छावणी. मग सरकारला इंजिनिअर हवे होते म्हणून कैद्यांच्या प्रयोगशाळेत रवानगी.

तिथे त्यांनी जे केलं ते ऐकून मला तरी गप्प व्हायला झालं. १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला शाळकरी मुलांनी लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. ते राजदूताच्या घरात सात वर्षं भिंतीवर होतं. आत टर्मेनचं यंत्र होतं. ना बॅटरी, ना वायर. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की खोलीतल्या बोलण्याने त्यातला पातळ पडदा थरथरायचा आणि परतणारी लहर बदलायची. न शिवता लहर बदलायची, ही जुनीच युक्ती. फक्त आता सुराच्या जागी लोकांचं खासगी बोलणं. हेरगिरीच्या अशाच कामासाठी १९४७ मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिक मिळालं.

साठीच्या दशकात ते मॉस्कोच्या संगीत विद्यालयात पुन्हा वाद्यं करू लागले. १९६७ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्रात त्यांच्यावर लेख आला. परदेशात वाटत होतं की हा माणूस कधीच गेला. लेख वाचून वरिष्ठ संतापले, नोकरी गेली, वाद्यं मोडून टाकली गेली.

इकडे न्यू यॉर्कमध्ये १९४९ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाने थेरेमिन बनवलं होतं. तो बॉब मूग. वाद्यं बनवत बनवत त्याने १९६४ मध्ये सिंथेसायझर उभा केला. तुमच्या मंडळाच्या गणपतीत जो कीबोर्ड वाजतो, त्याच्या घराण्याचा एक धागा असा इथवर येतो.

१९९१ मध्ये, पंचाण्णव वर्षांचे टर्मेन पुन्हा न्यू यॉर्कला आले. लव्हिनिया दोन वर्षांपूर्वीच हैतीमध्ये वारल्या होत्या. क्लारा मात्र मॅनहॅटनमध्येच होत्या, ऐंशी वर्षांच्या. ते त्यांना भेटायला त्यांच्या घरी गेले. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, ते मॉस्कोत वारले. क्लारांनी वाजवलेल्या सुरावटींच्या ध्वनिमुद्रिका आजही मिळतात. रात्री मुलं झोपल्यावर, दिवा बारीक करून एकदा ऐका. पहिली दोन मिनिटं वाटेल की कोणी बाई गाते आहे.