मद्यजन्य यकृत् विकार व केंद्रकीय ग्राही

मद्यपींच्या यकृतात वसा (चरबी) साचण्यास मुख्यतः कुपोषण कारणीभूत असते, हा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचलित होता. पोषक आहार मिळालेल्या बबून माकडांतही मद्यामुळे यकृत् सूत्रण रोग होतो, हे चार्ल्स लीबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखविले. १९९० मध्ये इसेमान व ग्रीन यांनी ‘पीपीएआर-आल्फा’ हा केंद्रकीय ग्राही (जनुकांच्या कार्याचे नियंत्रण करणारे प्रथिन) शोधून काढला. तो यकृतातील वसाम्लांच्या ज्वलनाचे नियमन करतो. मद्यापासून बनणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडामुळे त्याचे कार्य मंदावते, असे २००१ मध्ये कोशिकांवरील (पेशींवरील) प्रयोगांत आढळले. या ग्राहीस उद्दीपित करणाऱ्या संयुगाने उंदरांतील वसासंचय टळला (२००३). तथापि माणसांत मद्यत्याग हाच प्रमुख उपाय ठरला आहे.