पेपरमिंट नावाचा पुदिना

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर वाटल्या जाणाऱ्या पांढऱ्या गोळीला आपण पेपरमिंट म्हणतो. पण मोताळा तालुक्यातले रोहिणखेड असो की पुणे, भाजीवालीकडून येणारी पुदिन्याची जुडी पेपरमिंटची नसते. ती बहुधा स्पिअरमिंटची, म्हणजे 'मेंथा स्पायकाटा'ची असते.

स्पिअरमिंट फार जुना. पेपरमिंटची नोंद मात्र इंग्लंडमध्ये जॉन रे यांनी १६९६ मध्ये केली. मिरीसारख्या झणझणीत चवीमुळे लिनियसने १७५३ मध्ये त्याला 'मेंथा पायपेरिटा' असे नाव देऊन स्वतंत्र जाती मानले. तशी ती नव्हती. स्पिअरमिंट (४८ गुणसूत्रे) आणि पाणपुदिना (९६) यांचा तो संकर आहे. दोघांकडून निम्मी निम्मी, म्हणजे २४ आणि ४८ मिळून ७२. वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे हे उदाहरण आहे. संकर वंध्य असल्याने पेपरमिंटची लागवड बियांनी होत नाही, खोडाच्या तुकड्यांनीच करावी लागते.

पेपरमिंटच्या तेलात मेंथॉल मुख्य, स्पिअरमिंटच्या तेलात कार्वोन. गंमत अशी, की आपल्या बाळंतशोपातही कार्वोनच असते. फक्त त्याचा रेणू पुदिन्यातल्या रेणूचे आरशातले प्रतिबिंब असतो. अणू तेच, संख्या तीच, तरी वास निराळा! विद्यार्थ्यांना पुदिन्याचे पान आणि शोपा चुरडून हुंगायला द्यावे.

अमृतधारेत ओव्याचे फूल आणि कापूर यांबरोबर पडणारे 'पेपरमिंटचे फूल' म्हणजे मेंथॉलचे स्फटिक. तेही बहुधा पेपरमिंटचे नसतात! ते येतात तिसऱ्याच वनस्पतीपासून, जपानी पुदिन्यापासून. १९५० च्या दशकात तो भारतात आला, पुढे उत्तर प्रदेशात रुजला, आणि आज नैसर्गिक मेंथॉलच्या उत्पादनात भारत जगात आघाडीवर आहे. म्हणजे दुकानातल्या नावावर वनस्पती ओळखू नये.

मेंथॉलने जीभ थंड होत नाही, थंड वाटते. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरील ग्राही प्रथिनाला ते चेतवते. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने आणि दुसऱ्या एका गटाने हे प्रथिन शोधले. ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले.

याच गुणामुळे मेंथॉल मलमांत आणि दंतमंजनांत जाते. तान्ह्या मुलाच्या नाकाशी मात्र ते लावू नये. श्वास अडखळू शकतो. चटणीला सौम्य स्पिअरमिंटच बरा, पेपरमिंटची चटणी तोंडात धरवणार नाही.