शाळेतील यंत्रशाळा आणि सरकारी अनुदान

शाळेत यंत्रशाळा काढावयाची म्हणजे प्रथम यंत्रे घ्यावयाची, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाची साक्ष निराळी आहे. अमेरिकेत अध्यक्ष विल्सन ह्यांनी २३ फेब्रुवारी १९१७ रोजी स्मिथ-ह्यूज कायद्यावर सही केली. शेती, उद्योग व गृहशास्त्र शिकविणाऱ्या सरकारी शाळांना त्यामुळे मध्यवर्ती तिजोरीतून साहाय्य मिळू लागले. परंतु त्यातून इमारत अथवा यंत्र घेण्यास साफ मनाई होती. पैसा शिक्षकांच्या वेतनाकरिता व तयारीकरिता होता, आणि तितकीच रक्कम राज्याने किंवा गावाने घालावी, अशी अट होती.

आपल्या देशात २०१६ साली अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना निघाली. निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरले: १० लाख उभारणीस व १० लाख फार तर ५ वर्षांच्या चालू खर्चास. त्रिमितीय मुद्रणयंत्रे शाळांत आली. मात्र मुदत सरल्यावर यंत्रापाशी मुलांसह उभे कोण राहणार?

पुणे जिल्ह्यातील पाबळचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी तेथे १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. गावाच्या उपयोगी पडणारी कामे करीत मुले शिकू लागली. अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब तेथे २००२ साली आली, तेव्हा शिकविणारे आणि शिकणारे हात आधीच तयार होते. अनुदानाची मुदत ठरविताना हा क्रम ध्यानी ठेवणे हिताचे होईल.