पहिल्या कर्जाचा कागद

बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसायला लागल्यावर मी या कर्जाचा मागचा इतिहास वाचत गेलो. तो बँकांच्या फार आधी सुरू होतो. १८९२ साली जमशेदजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरता निधी उभा केला, तो मुद्दाम कर्जाच्या रूपात. एकाने फेडलं की त्यातून दुसरा जाणार. आपले पैसे पुढे कुणाकडे जाणार हे घेणाऱ्याला ठाऊक असे. १९५७ मध्ये केंब्रिजला गेलेले जयंत नारळीकर याच निधीचे विद्यार्थी.

बडोदा संस्थानाची रीत निराळी होती. जून १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांशी करार झाला: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी. शब्द पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्याला गेलेही. पण कचेरीत विटाळ मानणारे लोक आणि शहरात राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकून लावलं. थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईला परतावं लागलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. कर्जदाराने काय करायचं ते करारात स्पष्ट होतं. त्याला ते करता यावं म्हणून समोरच्याने काय करायचं, याचा विचार कुणीच केला नव्हता.

१९६३ मध्ये केंद्र सरकारने बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती सुरू केली. पुढे शिक्षकी पेशा पत्करणाऱ्याला त्यातली काही रक्कम माफ होत असे. हेतू चांगला होता, वसुली मात्र फारच थोडी झाली. मुलं लबाड होती असं मी म्हणणार नाही. नावातच शिष्यवृत्ती आणि दारात कुणी विचारायला येत नाही. मग हे कर्ज आहे हे लक्षात राहणार कसं?

आजचं बँकेचं कर्ज २००१ मधलं. इंडियन बँक्स असोसिएशनने नमुना योजना आखली आणि रिझर्व्ह बँकेने ती सगळ्या बँकांना कळवली. तेव्हा मर्यादा होती देशातल्या शिक्षणाला साडेसात लाख, परदेशी पंधरा लाख. चार लाखांपर्यंत तारण नव्हतं. शेतमजुराच्या मुलीला इंजिनिअरिंगचं दार उघडलं ते यामुळे, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण सहीच्या दिवशी मुलीच्या पुढ्यात कागदांचा गठ्ठा यायचा आणि जिथे जिथे पेन्सिलीची फुली, तिथे ती सही करायची. वडील सहकर्जदार, त्यांचीही सही. ‘शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही’ एवढंच दोघांच्या कानावर पडायचं आणि व्याजही नाही असं ते समजून चालायचे. म्हणून मी कोरा कागद घेऊन हिशेब मांडायला लागलो. दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख, चार वर्षं. व्याज दहा टक्के, सरळव्याज. हप्ता सुरू होणार शिक्षण संपल्यावर एका वर्षाने. पहिला लाख पाच वर्षं व्याज खातो, दुसरा चार, तिसरा तीन, चौथा दोन. एकूण व्याज एक लाख चाळीस हजार. म्हणजे हप्ता बसतो तो पाच लाख चाळीस हजारांवर, आणि सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळपास नऊ हजार. हा आकडा ऐकून बाप गप्प व्हायचा. मुलगी मात्र बहुतेक वेळा लगेच विचारायची, ‘सर, व्याज आत्तापासूनच भरत गेलं तर?’ भरता येतं, आणि सवलतही मिळते, हे मग मी सांगायचो. तेव्हाच्या नियमाने नोकरी लवकर लागली तर हप्ताही वर्षभर थांबत नसे, सहा महिन्यांत सुरू होई, तेही सांगायचो.

२००९ पासून साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांचं हप्ता सुरू होण्याआधीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरू लागलं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आणायचं कुणी सांगितलंच नाही म्हणून व्याज खात्यावर चढलेली घरं मी पाहिली आहेत. तेव्हापासून माझ्या हिशेबाच्या कागदावर सर्वात वर, हप्त्याच्याही आधी, ‘दाखला’ असं लिहिलेलं असे.