मंडाले ते रत्नागिरी

श्रोत्यांनीं नकाशा समोर घेऊन मंडाले व रत्नागिरी या दोन शहरांमध्यें सरळ रेघ ओढावी. ती सुमारें २,४५० किलोमीटर भरते. आजच्या मोठ्या विमानास एवढें अंतर तीन-साडेतीन तासांचें. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा यास त्याकरितां साडेचार महिने लागले. आणि परतीचा प्रवास तर त्याच्या हयातींत घडलाच नाहीं.

ता. २९ नोव्हेंबर १८८५ रोजीं इंग्रजांनीं त्यास राजवाड्यांतून काढून इरावतीच्या धक्क्यावर नेलें. वय अवघें सव्वीस. बरोबर राणी सुपयालत व दोन लहान मुली. नदींतून रंगून आणि तेथून बंगालचा उपसागर ओलांडून मद्रास, हा टप्पा तीन आठवड्यांच्या आंत उरकला. पुढचे महिने गेले ते वाटेंत नव्हेत, तर सरकारच्या विचारांत! तिसरी राजकन्या त्या मुक्कामांतच जन्मली. अखेर एप्रिल १८८६ मध्यें आगबोटीनें या कुटुंबास रत्नागिरीस आणून उतरविलें.

रत्नागिरीच कां? मुंबईहून मद्रासेस तेव्हां आगगाडी जात होती. रत्नागिरीस मात्र ती १९९० नंतरच्या दशकांत, कोंकण रेल्वेबरोबर पोहोंचली. पूर्वेस सह्याद्रीचे घाट, पश्चिमेस समुद्र. मुंबईची बोट उघाडीच्या दिवसांत एका दिवसाची. पण पाऊस लागला कीं बोटीच बंद. बंदिवान ठेवण्यास तटबंदीची गरज नव्हती.

याच वाटेनें उलट दिशेस गेलेला एक पुरुष रत्नागिरीचाच होता. लोकमान्य टिळक १८५६ मध्यें तेथें जन्मले. सप्टेंबर १९०८ मध्यें त्यांस साबरमतीहून मंडालेस नेलें. रंगूनपर्यंत बोट, पुढें आगगाडी. तो सारा प्रवास एका महिन्याच्या आंत झाला. तेथील तुरुंग थिबाच्याच राजनगरीच्या तटाआंत होता. म्हणजे कांहीं वर्षें मंडालेचा राजा रत्नागिरीस आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेस, असा हा विलक्षण अदलाबदल चालला होता. एकानें तेथें ‘गीतारहस्य’ लिहिलें; दुसऱ्याकरितां येथें समुद्राभिमुख राजवाडा बांधला गेला व तो १९१० मध्यें पुरा झाला. मात्र टिळकांची शिक्षा सहा वर्षांची होती. जून १९१४ मध्यें ते पुण्यास परतले. थिबाच्या शिक्षेस मुदतच नव्हती.

डिसेंबर १९१६ मध्यें राजा रत्नागिरीस वारला. १९१९ मध्यें सुपयालत राणीस स्वदेशीं जाण्याची परवानगी मिळाली. राजाचा देह मात्र येथेंच राहिला. थोरली राजकन्या तिकडे फार काळ रमली नाहीं. ती रत्नागिरीस परत आली आणि १९४७ मध्यें याच गांवीं निवर्तली. डिसेंबर २०१२ मध्यें म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन भारतांत आले असतां रत्नागिरीस जाऊन थिबाच्या थडग्यासमोर उभे राहिले.